झोपाळ्याचा हेलकावा

“बाबा गेल्यापासून हा झोपाळा फार भराभर हलतो गं. काढून टाकूया,” आई म्हणाली. ठाकूरद्वारच्या घरात आई-बाबांचा संध्याकाळचा चहा लग्नापासून झोपाळ्यावरच व्हायचा. उर्वी आजच कॉलेजात लंबकाचं प्रॅक्टिकल करून आली होती. “आई, माणसं दोन असोत की एक, झोक्याला वेळ तेवढाच लागतो. कड्यांची लांबी महत्त्वाची, वजन नाही.” तिने मोबाइलवर मोजूनही दाखवलं. आईने मान डोलावली, पण चेहरा उतरला. तेव्हा उर्वीला दिसलं, आई अजूनही डाव्या कडेलाच बसली होती, बाबांची जागा रिकामी ठेवून. उर्वी तिथे टेकली, पायाने रेटा दिला. कड्या कुरकुरल्या. “आता बघ,” आई डोळे मिटून म्हणाली, “कसा संथ चाललाय.” मोबाइलने पुन्हा तेवढेच सेकंद दाखवले. उर्वीने तो पालथा ठेवला. “हो गं. मघाशी माझंच मोजण्यात चुकलं असेल.”