ऑफिसात बोलावणं

दार सताड उघडं होतं, तरी नोएमीचा पाय काही उचलेना.

आत हॉलब्रुक बाई चष्मा कपाळावर सरकवून काहीतरी वाचत बसल्या होत्या. रसायनशास्त्राच्या पहिल्या परीक्षेनंतर त्यांनी एका ओळीचा निरोप पाठवला होता, ‘ऑफिसात येऊन भेट.’ तेव्हापासून नोएमीने वर्गातला मुक्काम पहिल्या रांगेतून थेट शेवटच्या रांगेत हलवला होता. जिन्यात बाई दिसल्या की ती वाट बदलायची. काल दुसरा निरोप आला, तोही तसाच. आता सुटका नव्हती.

ऑफिसात बोलावणं म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. डिनुबा या आपल्या गावाजवळच्या संत्र्यांच्या शेडमध्ये ती आणि तिची आई सरकत्या पट्ट्यापाशी शेजारी-शेजारी उभ्या राहून फळं निवडत. मुकादम एखाद्या बाईला वर ऑफिसात बोलवायचा. दार लागायचं. थोड्या वेळाने ती बाई खाली यायची, ती एप्रन हातात घेऊनच, काम गमावून. पट्ट्यावरच्या बायका मान वर करत नसत. कोण आलं, ते पायांवरून कळायचंच.

गावातल्या छोट्या कॉलेजात दोन वर्षं काढली, तिथे ही भानगड नव्हती. तिथल्या निम्म्या मास्तरांना ऑफिसच नव्हतं. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्यात, अशी धावणारी माणसं ती. शंका विचारायची तर पार्किंगमध्ये, त्यांच्या गाडीच्या उघड्या डिकीपाशी. त्या कॉलेजात नोएमी पहिली यायची. म्हणून तर इथे, समुद्राकाठच्या या मोठ्या सरकारी विद्यापीठात, तिला थेट तिसऱ्या वर्षाला घेतलं. आल्या दिवसापासून तिला एकच भीती होती: आपल्याला चुकून घेतलंय, आणि एक दिवस ते कुणाच्या तरी लक्षात येणार.

आलं लक्षात. दुसरं काय!

काल तिने आईला फोन केला होता. “आई, बाईंनी ऑफिसात बोलावलंय.”

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

“आई? ऐकलंस का?”

“ऐकलं,” आई म्हणाली. “खाऊन जा. असल्या ठिकाणी उपाशीपोटी जाऊ नये.” आणि फोन ठेवला.

नोएमी तरीही काही न खाताच आली होती. प्रयोगशाळेचा पांढरा कोट मात्र तिने धुऊन, घडी घालून बरोबर आणला होता. त्यांनी मागायच्या आधी दिलेला बरा.

“कोण ते? नोएमी बार्रागान ना?” बाईंनी मान वर केली. “ये की आत. मला वाटलं पळून गेलीस!”

“दार लावू?” नोएमीने विचारलं.

“कशाला? असू दे उघडं.”

तिने कोट टेबलावर ठेवला.

“हे काय?”

“परत आणलाय. धुतलाय मी.”

बाईंनी एकदा कोटाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. “अगं, शुक्रवारी प्रयोग आहे. कोटाशिवाय ॲसिडपाशी उभी राहणार आहेस? उचल तो. आणि बस.”

त्यांनी तिची उत्तरपत्रिका काढली. “अर्धा पेपर सोन्यासारखा लिहिलायस. पुढचा कोरा. का?”

“वेळ पुरला नाही.”

“नाहीच पुरत. तुमच्यासारखी मधूनच आलेली मुलं, पहिल्या परीक्षेत सगळ्यांचीच दाणादाण उडते. म्हणून तर बोलावलं. मंगळवारी आणि गुरुवारी मी दार उघडं टाकून बसते, ती काय भिंती बघायला? चल, हा प्रश्न सोडव माझ्यासमोर.”

नोएमीने पेन्सिल धरली. पहिली ओळ तिने खोडून पुन्हा लिहिली. मग एक प्रश्न सुटला, मग दुसरा. निघताना बाई म्हणाल्या, “गुरुवारी परत ये. नाही आलीस तर बघ हं!”

ती खाली आली तेव्हा पार्किंगमध्ये मामाचा पांढरा पिकअप उभा होता. मागचा हौदा रिकामा, स्वच्छ झाडलेला. तिथे ताडपत्रीची घडी आणि दोराचं वेटोळं. ड्रायव्हरच्या जागेवर आई, डोक्यावर शेडमधली टोपी तशीच. गाडी बंद होती, तरी दोन्ही हातांनी तिने स्टिअरिंग घट्ट धरलं होतं.

आईची नजर आधी नोएमीच्या हातातल्या कोटावर गेली. ती खाली उतरली.

“खोली कुठल्या बाजूला? सामान मी आणते. तू आत बस. काय रडायचं ते वाटेतला डोंगर ओलांडल्यावर रड, इथे नको.”

“आई, मला काढलं नाही.”

“मग काय केलं इतका वेळ?”

“शिकवलं. समोर बसवून.”

“ऑफिसात?”

“हो, ऑफिसात. दार उघडं ठेवून.”

आईचा काही विश्वास बसला नाही. तिने सीटवरचा फॉइलमध्ये गुंडाळलेला बुरितो उचलून लेकीच्या हातात दिला. “खा. थंड झालाय.”

नोएमीला एकदम कडकडून भूक लागली. ती तिथेच बोनेटला टेकून खायला लागली. तोंडात घास ठेवूनच म्हणाली, “गुरुवारी परत बोलावलंय.”

आईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने वर, त्या खिडक्यांच्या रांगांकडे पाहिलं. मग अंगठ्याने लेकीच्या कपाळावर क्रूस काढला, घराबाहेर पडताना काढायची तसा.

“गुरुवारी मी परत येते,” ती म्हणाली. “दोर गाडीतच ठेवते.”

नोएमीला खरं तर हसू यायला हवं होतं. तिने कोट छातीशी घट्ट धरला.

“असू दे,” ती म्हणाली.