कमरेची चेन

मोटरसायकलच्या ट्रॅकवर जायला निघालेल्या आईला चामड्याचा सूट मापाचा मिळाला नाही, तर मुलाचा फायदाच फायदा होता. तिला ‘नको’ म्हणण्याचा वाईटपणा टळणार होता, ‘आईला थांबव’ म्हणणारी परदेशातली बहीण शाबासकी देणार होती आणि रात्रीची झोप शाबूत राहणार होती. एवढा नफा डोळ्यांपुढे ठेवूनच त्याने हे दुकान निवडलं होतं. इथे बायकांच्या मापाचं काही ठेवत नाहीत, हे आधी फोन करून पक्कं केलं होतं. आणि अंगभर चामडं, तेही जॅकेट न्‌ पॅन्ट कमरेभोवती चेनने जोडलेलं, असल्याशिवाय रेसच्या ट्रॅकवर कुणाला सोडत नाहीत.

आई दातांची डॉक्टर, साठीला टेकलेली. दुकानदाराने सूट काढला तो थेट मुलाच्या छातीला लावून बघितला. आईने मधल्यामध्ये काढून घेतला.

“त्याला नाही, मला. त्याने लग्न झाल्यावर गाडी विकली.”

सबंध एकाच तुकड्याचा सूट तिने बाजूला सारला. ट्रॅक झाला की तेच जॅकेट घालून तिला रोज दवाखान्यातही जायचं होतं, आणि गळ्यापासून घोट्यापर्यंत चामड्यात बांधलेली डॉक्टर बघून पेशंटने तोंड उघडलं नसतं. मग दोन तुकड्यांचा काढला. तिने खांद्या-कोपरांचे गार्ड दाबले, शिवण धरून हलवली, हलणारा दात तपासावा तशी. जॅकेट लहान मापाचं बसलं, पॅन्ट मात्र दोन मापं मोठी लागली. मुलाच्या जिवात जीव आला. मापं वेगळी असताना दोन्हींची चेन जुळून बसेल का, असं त्याने अगदी काळजीने विचारलं. बसायला हवी, लावून बघा, असं दुकानदार म्हणाला.

कपडे बदलून आई बाहेर आली ती पुढे झुकून, हात अर्धवट वाकलेले. मुलाने संधी साधली.

“आई, यात तुला धड सरळ उभंही राहता येत नाहीये.”

“सरळ उभं राहायला कोण घेतंय? लग्नाआधीपासून लोकांच्या तोंडात वाकून बघतेय. वाकायचं मला नवीन नाही.”

असं म्हणून ती दुकानात मांडलेल्या मोटरसायकलवर टांग टाकून बसली आणि टाकीवर ओणवी झाली. पाठीवरचा फुगा गेला, गुडघ्यांवरच्या चुण्या गेल्या. सूट त्याच बैठकीसाठी शिवलेला होता.

राहिली कमरेची चेन. टाकीवरून जरा उठून तिने ती पुढून सुरू केली. पाठीशी आल्यावर तिचा हात पुरेना.

“लाव रे.”

मुलाने ओढली. चेनच्या दातांत दात निमूट बसत गेले. मधोमध आल्यावर तो थांबला.

“बसत नाही गं. मापंच वेगळी आहेत.”

आईने मागे वळूनही बघितलं नाही. “तुझ्या शाळेच्या पॅन्टची चेन मीच लावायचे. अडली की कसा आवाज होतो, मला ठाऊक आहे. ही अडलेली नाही. ओढणारा अडलाय.”

दुकानदार एकदम हेल्मेटं पुसायला लागला. मुलाने चेन ओढली. ती शेवटपर्यंत गेली.

पावती करता करता दुकानदाराने सांगून टाकलं, की ट्रॅकवर दर वेळी मागून लावायला कुणीतरी लागेल, एकट्याला जमायचं नाही.

“आहे की माणूस,” हातमोजे चढवून बघत आई म्हणाली. मग मुलाला : “रविवारी सकाळी सहाला दारात हजर राहा. आणि दाढी करून ये, तिथे लोक असतात.”

सूटचे पैसे आईने भरले. रविवार मुलाच्या खात्यातून गेले.