लाल झाकण, निळं झाकण

आमच्या जुळ्या मुलींना कोपरांवर इसब झालं, तेव्हा डॉक्टरांनी दोघींना नव्या मलमाच्या चाचणीत घेतलं. एका ट्यूबमध्ये औषध, दुसरीत नुसतं साधं मलम. कुठलं कशात, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. लाल झाकणाची ट्यूब थोरलीला, निळ्या झाकणाची धाकटीला, आणि दोन महिने अदलाबदल करणार नाही, असं लिहिलेल्या कागदावर मी सही केली.

शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी चारही कोपरं भिंगातून पाहिली आणि कपाळाला हात लावला. "दोघींचं अगदी सारखंच, निम्मं बरं झालंय! असं होईलच कसं?"

मला रडू फुटलं. "डॉक्टर, धाकटी रक्त येईपर्यंत खाजवायची हो. एका दुपारी मी झाकणं बदलली."

"अगं बाई!" सासूबाई म्हणाल्या. "म्हणून थोरलीचं पुन्हा चिघळलं होय? मी पुढच्याच आठवड्यात परत बदलली की!"

डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे ट्यूबा पुन्हा जागच्या जागी! तो एक आठवडा वगळला, तर माझं तीन वर्षांचं काम वाचेल."

मुलींचे बाबा मात्र भिंतीवरचा त्वचेचा तक्ता फार मन लावून वाचत होते.

"अहो," मी म्हटलं, "तुम्ही नाही ना?"

"एकदाच गं," ते तक्त्याकडे बघतच पुटपुटले. "रोज सकाळी, ऑफिसला जाताना."