जागा नाही!

नाताळाआधी साकातेकास शहरातल्या आमच्या गल्लीत लोक ख्रिस्ताचे आईवडील मारिया-होसे बनून दारोदारी गाण्यातून निवारा मागतात. आतल्यांनी आधी "जागा नाही, चालते व्हा!" असं गायचं, मगच दार उघडायचं.

काल संध्याकाळी दार वाजलं. "आज राहायला जागा मिळेल का?"

आम्ही हसत, एका सुरात नकार गायला. बाहेरून पुढचं कडवं आलंच नाही.

सासूबाईंनी दार उघडलं. मोडक्या चाकाची सायकल ढकलत एक परदेशी मुकाट निघाला होता.

"अरे मेल्या, थांब! एवढ्यावर परत फिरतात का?" त्यांनी त्याला ओढतच आत आणलं.

मक्याच्या पिठाचे गरम तमाले खाताना तो सारखा आभार मानत होता. सासूबाईंनी त्याला आणखी एक वाढला.

"आभार आम्ही मानायचे, बाळा. चाळीस वर्षं दार उघडायची नुसती तालीम करतोय. खरा पाहुणा आज आला."