तीन नंबरची बेल

"तुमचं ते मॉड्यूल गुंडाळा आता," हेडसिस्टर म्हणाल्या. "तीन नंबरची बेल सकाळपासून चार वेळा वाजली. धावत जावं, तर कुणी बोलावलेलंच नसतं!"

"थोडा वेळ द्या," इंजिनिअर अजिजीने म्हणाली.

"पाचपर्यंत. मग चाळीसही खोल्यांत जुनंच बसवायचं."

म्हणजे तिची दोन वर्षांची मेहनत पाण्यात. पलंगाजवळचा स्विच दाबला की बेल वाजवणारं ते कर्नेल मॉड्यूल, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात बसणारा प्रोग्रॅम, तिने एकटीने लिहिलं होतं. चालू सिस्टिममध्ये जोडावं, नको तेव्हा काढून घ्यावं, इतकं शहाणं बाळ. फक्त तीन नंबरमध्ये त्याला काय भुतं दिसत होती कोण जाणे.

तिथे एक पेशंट काका होते, दहा महिने बेशुद्ध. शेजारच्या खुर्चीत रोज काकू. स्विच काकांच्या तळहाताखाली ठेवलेला, कारण हॉस्पिटलचा नियम म्हणजे नियम.

तिने आधी वायर तपासली. ठणठणीत. मग मॉड्यूलचे ट्रेस गोळा करायला बसली. आत काय काय घडलं त्याची वेळेसकट एकेक ओळ त्यात असते. ते तीन आठवडे साठत होते आणि ती चालढकल करत होती. धक्क्याबिक्क्याने बेल वाजू नये म्हणून पन्नास मिलिसेकंदांहून छोटा दाब मॉड्यूल फेकून देई. ट्रेसमध्ये ते फेकलेले दाबही दिसत होते, आणि ते शेकड्यांनी होते.

सुरुवातीला आठ मिलिसेकंद. मग पंधरा. मग तीस. आज साठ.

"कुणाचा तरी धीर चेपत चाललाय," ती पुटपुटली.

वेळा पाहिल्या. सगळे दाब अकरा ते चारमधले, काकू असतानाचे. गेल्या मंगळवारी एकही नाही.

"मंगळवारी काकू आल्या होत्या?"

"नाही, दात काढायला गेल्या होत्या." सिस्टरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "तरीच! बसून बसून कंटाळतात बिचाऱ्या, बोलायला माणूस हवं असतं. पण इथे आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नाही. उद्यापासून बाहेरच बसवते त्यांना."

इंजिनिअरचा जीव भांड्यात पडला. मॉड्यूल वाचलं होतं. पाठोपाठ तिला स्वतःची लाजही वाटली. आपली कातडी वाचावी म्हणून एका म्हाताऱ्या बाईला नवऱ्यापासून उठवायचं!

"तुम्ही नका बोलू," ती म्हणाली. "बेल दाबू नका म्हणून मी गोडीगुलाबीने सांगते. ऐकतील त्या."

लॅपटॉप हातावर उघडाच धरून ती तीन नंबरच्या दाराशी आली. काकू पाठमोऱ्या बसल्या होत्या. नवऱ्याशी त्यांची नेहमीसारखी एकतर्फी वादावादी चालली होती.

"तुमच्या त्या खटाऱ्या स्कूटरला गिऱ्हाईक आलंय. विकून मोकळी होते. नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा, मागून कुरकुर चालणार नाही."

बेल वाजली. लॅपटॉपवर नवी ओळ उमटली: दोनशे दहा मिलिसेकंद.

काकूंचे दोन्ही हात डोक्यामागे, अर्धवट बांधलेल्या अंबाड्यात होते.