उंदराला दिलेला दात

सुरतेतल्या प्लेगच्या वर्षी धुडकूच्या मुलीचा, गायत्रीचा, पहिला दुधाचा दात पडला. धुडकूने तो तिच्याच हातून उधना भागातल्या त्यांच्या खोलीमागच्या उंदराच्या बिळात टाकवला, म्हणजे नवा लवकर येतो. नवा यायच्या आत पोर तापाने गेली.

महिन्याने, पत्र्याखालच्या घुबडाने ओकलेला गोळा त्याच्या पायाखाली फुटला. घुबड उंदीर अख्खा गिळतं. मांस पचतं, केस आणि हाडं बाहेर पडतात. उंदराच्या कवटीला चिकटून एक दुधाचा दात होता. धुडकू तो मुठीत धरून पोटभर रडला.

दुसऱ्या सकाळच्या गोळ्यात तीन निघाले. बायकोने, प्रमिलाने, ते तळहातावर घेतले.

“तिचा एकच पडला होता,” ती म्हणाली. “बाकीचे तोंडातच होते, पुरलं तेव्हा.”

वर घुबड पुन्हा मान ताणून ओकाऱ्या काढू लागलं.