सीलबंद कॅमेरा

बरजसने काचेच्या सीलबंद पेटीतला कॅमेरा बैठकीत सगळ्यांसमोर मिरवला. मुतलककाकांचं लक्ष मात्र भावाकडे, बरजसच्या वडिलांकडे होतं. उद्या त्यांचं हृदयाचं ऑपरेशन, आणि पोराच्या तोंडी नुसती कॅमेऱ्याची किंमत. काकांनी कॉफी न पिताच कप खाली ठेवला आणि सगळ्यांनी बरजसकडे पाहिलं. कुवेतात असा कप ठेवणारा काहीतरी मागणार आणि यजमानाने ते द्यायचं, हे ठरलेलं; कॉफी तशीच राहिली तर घराची नाचक्की. "कॉफी घ्या काका, मागाल ते दिलं," बरजस म्हणाला. "या कॅमेऱ्याने तुझ्या बापाचा एक फोटो काढ." वडिलांनी लगेच डोक्यावरचा रुमाल नीट केला. "काका, सील फोडलं की भाव पडतो. मोबाइलवर काढतो ना." काका भडकले. "मग बापालाही सील लावून ठेव, टिकेल." भावाला हात देऊन उठवत ते त्याला घेऊन बाहेर पडले. मागे एकेक पाहुणा भरलेला कप खाली ठेवू लागला.